हिरकणी आणि ओटीपी मास्तर

माझे मोठे मामा, म्हणजे आमचे नाना, तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली. मध्यंतरी एकदा त्यांना मेसेज आला की, विजेचं बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडण्यात येईल. नानांनी घाबरून त्यातल्या नंबरवर फोन लावला, पलीकडच्या माणसानं ओटीपी मागितला, यांनी दिला आणि खात्यातून ९०० रुपये गेले. त्या दिवाळीत सगळे जमलो असताना नानांनी ही गोष्ट स्वतःहून सांगितली. सगळे हसले. त्यात सगळ्यांत जास्त मी बोलले. 'नाना, अहो किती वेळा सांगितलंय तुम्हाला? बँक कधी ओटीपी मागते का? पेपर वाचता ना रोज?' माझ्या मावसभावानं त्यांचं नाव 'ओटीपी मास्तर' ठेवलं. नानाही हसले. पुढची दोन वर्षं कुणाच्याही फोनवर मेसेज वाजला की घरात हा विनोद व्हायचा.

मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठे भोक आहे ते शोधायचं, नीट लिहून काढायचं आणि ज्याचं त्याच्याकडे पाठवायचं. त्यामुळे घरात या विषयावर माझा शब्द शेवटचा असे.

मागच्या वर्षी श्रावणात नानांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह. तुमच्या आधार क्रमांकावर मुंबईहून परदेशी पार्सल गेलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या नावे वॉरंट निघालंय. शिक्क्याचा कागदही आला. चौकशी संपेपर्यंत तुम्ही कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर तेही सहआरोपी होतील. मामी त्या आठवड्यात लेकीकडे होत्या. नाना दोन दिवस त्या फोनसमोर होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बँकेत जाऊन मुदतठेवी मोडल्या आणि 'तपासणीसाठी' म्हणून सांगितलेल्या खात्यात पैसे पाठवले. निर्दोष ठरलात की परत मिळतील, असं आश्वासन होतं. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं होतं, 'सर, एवढे पैसे एकदम?' नानांनी पढवल्याप्रमाणे उत्तर दिलं, 'मुलाला फ्लॅट घ्यायचाय.'

पैसे गेल्यावर फोन बंद झाला. आपण फसलो हे नानांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरीही त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. मामी परत आल्या, गणपती आले, नाना आमच्याकडे आरतीला आले, मोदक खाल्ले आणि 'जरा पित्त झालंय' म्हणून लवकर झोपले. पुढे एक दिवस मामींनी पासबुक भरून आणलं तेव्हा गोष्ट बाहेर आली. सतरा दिवस गेले होते.

मी फोनवर पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? 'नाना, त्याच दिवशी का नाही सांगितलंत? १९३० वर फोन केला असता तर पैसे अडवता आले असते.' पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते म्हणाले, 'तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत होतं.'

त्यांना दोन दिवस खोलीत बसवून ठेवलं ते त्या खोट्या पोलिसानं. पण पुढचे सतरा दिवस त्यांना गप्प ठेवलं ते आम्ही, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. हे कळल्यापासून मी एका प्रश्नाशी झटते आहे: फसवल्या गेलेल्या माणसाकडे आपण दोष कशाच्या आधारावर देतो? आणि तो दिल्यानं नेमकं काय साधतं?

*

आधी भाषेकडे पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, १३ ऑगस्टला हाँगकाँगच्या एका बँकेत आणखी रक्कम वळवली गेली. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये. हे कसं घडलं? कार्ड मशीनमध्ये घातलं की 'या माणसाला पैसे द्यायचे का?' असा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी मधे स्वतःची तोतया यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक प्रश्नाला बँकेच्या वतीनं 'हो, द्या' म्हणत राहिली.

म्हणजे इथेही एक तोतयाच होता. बँकेच्या जागी कुणीतरी वेष घेऊन बसलं आणि बाकीच्या जगानं त्याच्यावर विश्वास ठेवला. नानांच्या बाबतीत पोलिसाच्या जागी कुणीतरी वेष घेऊन बसलं. पण बँकेबद्दल आपण म्हणालो, 'बँकेवर हल्ला झाला.' नानांबद्दल म्हणालो, 'नाना फसले.' पहिल्या वाक्यात करणारा बाहेरचा आहे. दुसऱ्यात करणारे नानाच आहेत. चोर वाक्यातून गायब झालाय. तज्ज्ञ, बंदिस्त खोल्या, सुरक्षेसाठी वेगळा खर्च हे सगळं असलेली संस्था बळी ठरते आणि पंचाहत्तरीला टेकलेला एकटा माणूस मूर्ख ठरतो.

बरं, तोतयाला फसायला मूर्ख असावं लागतं असंही नाही. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले आणि तो मोडून काढायला पेशवाईला फौज पाठवावी लागली. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्याला मानणारे सगळे बावळट होते का? भाऊ परत यावेत अशी कित्येकांची इच्छा होती आणि तोतया त्या इच्छेच्या वाटेनं आत आला. आजचे तोतये इच्छेच्या, भीतीच्या किंवा घाईच्या वाटेनं येतात. नाना आयुष्यभर सरकारी कागद आला की उभं राहून वाचणारे. पोलिसांना उलट प्रश्न विचारायचा नसतो हे त्यांच्या पिढीला आपणच शिकवलं. त्यांच्या स्वभावातल्या याच सरळपणाला शाळेत चाळीस वर्षं सगळे चांगला गुण म्हणत होते.

२०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून अशाच पद्धतीनं ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यांना तर व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली, सरन्यायाधीशांच्या नावानं खोटा आदेश दिला. ओसवाल पद्मभूषण आहेत, हजारो माणसांचा उद्योग चालवतात. त्यांनी कंपनीतल्या एका सहकाऱ्याला हा प्रकार सांगितला, त्याच्या लक्षात आलं, तक्रार झाली आणि पोलिसांना सव्वापाच कोटी रुपये परत मिळवता आले. नंतर ओसवाल त्याबद्दल उघडपणे बोललेही. नाना आणि ओसवाल यांच्यात अक्कल कमीजास्त असेल असं मला वाटत नाही. फरक इतकाच पडला की, एकानं वेळेत कुणाला तरी सांगितलं.

*

माझ्या धंद्यात एक नियम आहे. चूक दाखवणाऱ्याला बोल लावायचा नाही. कारण ज्या दिवशी लावाल त्या दिवसापासून चुका कमी होत नाहीत, फक्त कळायच्या बंद होतात. हा नियम संगणकवाल्यांनी शोधला असं आम्हाला वाटतं, पण मराठी माणसाला तो फार आधीपासून ठाऊक असायला हवा. हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी चौथीच्या वयात ऐकलेली असते.

रायगडाच्या पायथ्याची गवळण दूध घालायला गडावर जाते, उशीर होतो, सूर्यास्ताला दरवाजे बंद होतात. घरी तान्हं बाळ आहे. पहारेकरी नियमानं बांधलेले, ते दार उघडत नाहीत. ती रात्री कडा उतरून घरी जाते. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून तिचा पुरावा मागायला मी बसलेले नाही. मला तिचा शेवट हवा आहे. सकाळी ती पुन्हा गडावर येते, गोष्ट महाराजांच्या कानावर जाते, आणि महाराज दोन गोष्टी करतात. तिला साडीचोळी देऊन तिचा सन्मान करतात आणि जिथून ती उतरली त्या कड्यावर बुरूज बांधतात. बुरुजाला नावही तिचंच देतात.

लहानपणी ही आईच्या मायेची गोष्ट म्हणून ऐकली. आता मला ती राज्यकारभाराची गोष्ट वाटते. हिरकणीनं नियम मोडला होता. गडाच्या संरक्षणातली फट तिनं जगजाहीर केली होती. 'आमचा गड अभेद्य आहे' म्हणणाऱ्या एखाद्या किल्लेदारानं तिला कोठडीत टाकलं असतं आणि बातमी दाबली असती. तसं झालं असतं तर कडा तसाच राहिला असता आणि पुढचा माणूस कदाचित खालून वर आला असता, तोही तलवार घेऊन. तिला शिक्षा करणं गडाच्या शत्रूच्याच पथ्यावर पडलं असतं.

आता आपण काय करतो ते पाहा. फसवला गेलेला प्रत्येक माणूस आपल्या व्यवस्थेतला एक कडा उतरून आलेला असतो. कुठून पाय घसरतो, चोर कोणत्या शब्दांत बोलतो, कोणत्या खात्यात पैसे मागतो, बँकेच्या खिडकीवर कोणतं खोटं बोलायला शिकवतो, ही सगळी माहिती त्याच्याइतकी कुणाकडेच नसते. समाजाला बुरूज बांधायचा असेल तर सगळ्यांत आधी त्यालाच विचारायला हवं. आणि आपण त्याला 'ओटीपी मास्तर' म्हणतो.

हे मी आमच्या घराबद्दलच बोलत नाही. माझ्या कंपनीत मधूनमधून कर्मचाऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी खोटे ईमेल सोडले जातात. एकदा दिवाळीच्या तोंडावर 'तुमची भेट निवडा' असा मेल आला आणि मी लिंक दाबली. मी. रोज हेच काम करणारी. नंतर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं की तुम्ही नापास झालात, आणि नापास झालेल्यांची यादी वरिष्ठांकडे गेली. मी चहाच्या वेळी कुणाकडेही त्याचा उच्चार केला नाही. पुढच्या वेळी खराखुरा घातक मेल उघडला गेला असता, तर मी सुरक्षा विभागाला लगेच कळवलं असतं का? मनापासून सांगायचं तर दहा मिनिटं तरी घालवली असती, कुणाला न कळता काही निस्तरता येतं का ते पाहण्यात. त्या दहा मिनिटांत काय काय होऊ शकतं हे मला पक्कं माहीत आहे. नानांची सतरा दिवसांची गप्प बसण्याची मुदत आणि माझी दहा मिनिटं एकाच जातीची आहेत.

*

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. फसलेल्याला दोष द्यायचाच नाही म्हटलं तर लोक बेफिकीर होणार नाहीत का? पैसे बुडाले तरी कुणीतरी भरून देईल, चार लोक सहानुभूतीही दाखवतील, मग सावध राहायचंच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर तर्कानं देण्याऐवजी एक घडलेली गोष्ट सांगते. एटीएम नवीन असताना ग्राहक म्हणायचा 'मी पैसे काढले नाहीत' आणि बँक म्हणायची 'आमचं यंत्र चुकत नाही, तुम्हीच काढलेत किंवा पिन कुणाला दिलात.' १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात असाच खटला गेला. न्यायालयापुढे प्रश्न होता की, विश्वास माणसावर ठेवायचा की यंत्रावर. त्यानं ग्राहक बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला. अमेरिकेत साधारणपणे अशा वादात सिद्ध करण्याचा भार बँकेवर गेला. ब्रिटनमध्ये उलट झालं, तो ग्राहकावर राहिला. म्हणजे ब्रिटिश बँकांची चंगळ व्हायला हवी होती. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९० च्या दशकात या घोटाळ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. ब्रिटिश बँका सुरक्षेवर अमेरिकी बँकांपेक्षा जास्त खर्च करत होत्या आणि तरीही त्यांच्याकडे घोटाळे जास्त होत होते. कारण ग्राहकाची तक्रार आली की 'तूच खोटं बोलतोस' म्हणून वाटेला लावायची सवय लागली होती. फट कुठे आहे हे सांगणारा प्रत्येक माणूस दारातूनच परत जात होता.

बेफिकिरी येते हे खरंच आहे. पण ती येते त्याच्याकडे, ज्याला दुसऱ्याच्या नुकसानीची किंमत मोजावी लागत नाही. नाना बेफिकीर असण्याची शक्यताच नव्हती, त्यांचे आयुष्याचे पैसे होते ते. ज्या व्यवस्थेला नानांचे पैसे गेले तरी काहीच चाट बसत नाही, तिच्या बेफिकिरीचं काय?

इथे आपल्याकडचा हिशेबही मांडायला हवा. पैसे क्षणात पोचतात ही सोय आपल्या सगळ्यांना आवडते, मलाही. पण या सोयीमुळे बँकांच्या शाखांतली गर्दी कमी झाली, कागद कमी झाले, खर्च वाचला. या वाचलेल्या पैशाचा मोठा वाटा संस्थांकडे गेला आणि वाढलेला धोका मात्र माणसांकडे आला. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये ग्राहकांच्या जबाबदारीबद्दल परिपत्रक काढलं. ते चांगलं पाऊल होतं. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत दुसरीकडे आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला काहीच भुर्दंड नाही. पण ग्राहकानं स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आणि नानांसारख्यांनी तर पैसे स्वतःच्या सहीनं पाठवलेले असतात, म्हणजे व्यवहार 'अनधिकृत' सुद्धा नाही. आजचे तोतये नेमके याच जागी उभे राहतात, कारण तिथे नुकसान कुणाचं ते आधीच ठरलेलं आहे.

ब्रिटननं अखेर धडा घेतला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अशा फसवणुकीत, म्हणजे माणसानं तोतयाच्या सांगण्यावरून स्वतः पैसे पाठवले असले तरीही, ८५,००० पाउंडांपर्यंतची भरपाई बहुतेक प्रकरणांत बंधनकारक झाली. तीही निम्मी पैसे पाठवणाऱ्या संस्थेनं आणि निम्मी पैसे घेणाऱ्या संस्थेनं द्यायची. मला यातली दुसरी निम्मी महत्त्वाची वाटते. चोराचा पैसा कुठल्या तरी बँकेतल्या कुठल्या तरी खात्यातच उतरतो. ते खातं कुणी उघडलं, कागद कुणी तपासले, काल रिकाम्या असलेल्या खात्यात आज लाखो रुपये येऊन तासाभरात चार ठिकाणी गेले ते कुणाला कसं दिसलं नाही, हे प्रश्न आपण कधी विचारत नाही. सगळे प्रश्न नानांना विचारतो. घोर निष्काळजीपणा केलेल्याला तिथे भरपाई नाकारता येते, म्हणजे जबाबदारीची कल्पना सोडून दिलेली नाही. फक्त ती ज्याच्या हातात काही बदलण्याची ताकद आहे त्याच्याकडेही वळवली आहे.

*

दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, तिथेच घोटाळा होतो असं मला वाटू लागलंय. दोष मागे पाहतो. कुणामुळे झालं? जबाबदारी पुढे पाहते. आता कुणी काय करायचं? नानांनी पैसे पाठवले हे घटनेचं एक कारण आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण कारण असणं आणि अपराधी असणं यांत अंतर आहे. दार उघडं राहिलं म्हणून चोरी झाली असं आपण म्हणतो, तेव्हाही चोरीचा गुन्हा दारावर दाखल होत नाही.

मग कुणालाच दोष नाही का? तसंही नाही. ज्यानं दोनपाच हजारांसाठी आपलं बँक खातं कुणाला तरी 'वापरायला' दिलं, त्याला मी निर्दोष म्हणणार नाही. पैसा आला कुठून हे न विचारण्याचेच ते पैसे असतात. महिन्यात दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागलेल्याला स्वतःच्या हावेचा विचार करावाच लागेल, मात्र तो त्यानं करायचा आहे, आपण त्याच्या तोंडावर नाही. आणि फोनच्या पलीकडचा माणूस? मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमाभागातल्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या २८३ भारतीयांना वायुदलाच्या विमानानं परत आणलं. चांगल्या नोकरीच्या आमिषानं नेलेली, मग पासपोर्ट काढून घेऊन लोकांना फसवायला बसवलेली ही मुलं. नानांशी बोललेला 'साहेब' तसाच कुणी असेल का, मला माहीत नाही. तसा असेल तर त्या व्हिडिओ कॉलच्या दोन्ही टोकांना फसवलेली माणसं होती आणि दोघांनाही कुणाला काही सांगायची सोय नव्हती.

सांगायची सोय नसली की काय होतं, याचं उदाहरण संगणकाबाहेरही आहे. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं आणि सगळे ९२ जण गेले. नियंत्रकाच्या सूचनेचा वैमानिकांनी चुकीचा अर्थ लावला आणि विमान लवकर खाली आणलं. चौकशीत कळलं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांकडून हीच चूक त्याच ठिकाणी झाली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीला सांगितलंही होतं. पण ते दुसऱ्या कंपन्यांपर्यंत पोचवायचा रस्ताच नव्हता. त्यानंतर १९७६ मध्ये अशा चुका कळवायची यंत्रणा उभी राहिली. ती विमानांवर देखरेख करणाऱ्या खात्याऐवजी नासाकडे सोपवली, म्हणजे ज्याच्या हातात शिक्षा आहे त्याच्यापुढे कबुली द्यायला नको. कळवणाऱ्याचं नाव अहवालातून काढून टाकतात. बुरूज बांधायचा आणि हिरकणीला कोठडीतही टाकायचं नाही, हे नियमात बसवायचा तो प्रयत्न आहे.

आपल्याकडे १९३० हा क्रमांक आहे. फसवणूक झाल्या झाल्या त्यावर कळवलं तर एका बँकेकडून दुसरीकडे निरोप जातो आणि पैसे अजून कुठल्या खात्यात असतील तर गोठवता येतात. चोर ते झपाट्यानं वाटून टाकतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. संस्थांसाठीही एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे सांगायची दारं आहेत. पण दारापर्यंत जायचं अंतर फोनच्या तारेनं मोजता येत नाही, ते लाजेनं मोजावं लागतं. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नसतं, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं, कॉलर ट्यूनवर कित्येक महिने ऐकवलं गेलं. नानांनीही ऐकलं होतं. सावध करणाऱ्या सगळ्या सूचना फसण्याआधीच्या माणसाशी बोलतात. फसून बसलेल्या माणसाला त्या प्रत्येक वेळी ऐकवतात, की बघ, तुला सांगितलं होतं.

म्हणून सूचनांमध्ये एक वाक्य वाढवायला हवं असं मला वाटतं: फसलात तरी चालेल, लगेच सांगा, तुम्हाला कुणी हसणार नाही. अर्थात हे वाक्य खरं असायला हवं. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यानं 'एवढे शिकलेले आणि...' म्हणायचं थांबवायला हवं. बँकेत मोठी ठेव मोडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एक दिवस थांबवायची पद्धत पाडायला हवी, म्हणजे खिडकीवरच्या त्या मुलीचा प्रश्न नुसता प्रश्न राहणार नाही. तिनं विचारलं होतं, तिला शंका आली होती, पण 'मुलाला फ्लॅट' या उत्तरापुढे तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. सोयीतून थोडा वेग कमी झाला तर मला तरी चालेल. गडाचे दरवाजेही सूर्यास्ताला बंद व्हायचेच.

आणि घरातला विनोद. तो कायद्यानं बंद होणारा नाही.

नानांना पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रार नोंदवली आहे. हा लेख लिहायला त्यांची परवानगी घेतली, गावाचं नाव घालायचं नाही या अटीवर. लिहून झाल्यावर फोनवर वाचून दाखवला. हिरकणीचा भाग त्यांना आवडला नाही. म्हणाले, 'ती मुलासाठी उतरली, मी भीतीनं. मला तिच्याबरोबर बसवू नकोस.' मी म्हटलं, 'कड्याला कळत नाही नाना, कोण कशासाठी उतरलं.' त्यावर ते काही बोलले नाहीत. मग मास्तरांच्या आवाजात म्हणाले, 'त्या बँकेतल्या मुलीचं मात्र लिहिलंस ते बरं केलंस. तिला मी खोटं बोललो होतो. मागच्या महिन्यात जाऊन सांगून आलो, की तू बरोबर विचारलं होतंस.'

मी विचारलं, ती काय म्हणाली?

'तिनं खुर्ची दिली,' नाना म्हणाले, 'आणि विचारलं, सर, ते नेमकं काय काय बोलायला सांगत होते? मग तिनं सगळं लिहून घेतलं.'